एका पिशवीतला अठरा टन गहू

काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कस्तुराबाई सोळंक्यांची पिठाची गिरणी आहे. मी निवृत्त झाल्यापासून घरातलं एकच खातं माझ्याकडे आलं, ते दळणाचं. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते सगळं मी हातात डबा धरून, रांगेत उभं राहून पाहिलेलं आहे. पुढे कुणी उंच माणूस असेल तर थोडं कमी दिसलं असेल, एवढंच.

कस्तुराबाई मूळच्या माजलगावकडच्या. नवरा नवनाथ निघोज्याला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत माल तपासायला आहे. गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत, हे काम तो वीस वर्षं करतोय. लग्न होऊन इकडे आल्यावर कस्तुराबाईंना दोन गोष्टींचं नवल वाटलं होतं. इथे पाणी विकत घेतात आणि पीठ तयार पिशवीतून आणतात. पाण्याचं त्यांना काही करता आलं नाही. पिठाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं आणि जुनी गिरणी विकत घेऊन सुरू केली. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची झाली तरी त्या माणूस बोलवायच्या नाहीत. पदर खोचून, छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः बसायच्या.

त्यांचे नियम कडक. मिरची-हळद घेणार नाही. कोंबड्यांचा मका घेणार नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी दगड झाडून-पुसून आधी राजगिरा आणि वरई, मग बाकीचं. आणि दळण कुणाचंही असो, आधी मूठभर धान्य तळहातावर घेऊन बोटानं पसरून बघायच्या. खडा दिसला की डबा परत. एकदा नगरसेवकाच्या घरचा डबा परत गेला, तेव्हा आम्हाला वाटलं की आता गिरणी बंद पडणार. पण तासाभरात गहू निवडून आला.

गेल्या उन्हाळ्यात गिरणीची मोटर जळाली. वायंडिंगवाला म्हणाला, महिना लागेल. नेमक्या त्याच आठवड्यात शेखर नावाचा एक तरुण गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून दारात उभा राहिला. तो 'सलग' कंपनीचा माणूस होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सलग कंपनी फोन बनवते, घड्याळं बनवते, टीव्ही, पंखे, वजनकाटे, दाराची कुलपं, सगळं बनवते. सलगचा फोन सलगच्या घड्याळाशी बोलतो, घड्याळ सलगच्या पंख्याशी बोलतं. बाहेरच्या कुणाशीच कुणी बोलत नाही. याला ती कंपनी 'परिवार' म्हणते. आमच्या लांबच्या नात्यात असाच एक परिवार आहे. आळंदीला त्यांच्याकडच्या लग्नात शेजारच्या मांडवातला एक म्हातारा चुकून आला, तर त्यांनी त्याच्या हातातला पाण्याचा ग्लाससुद्धा काढून घेतला होता.

तर या सलगने आता पिठाची गिरणी काढली होती आणि चाचणीसाठी काही बायकांना ती दोन वर्षं फुकट वापरायला देत होती. कस्तुराबाईंची दळणं खोळंबली होती. त्यांनी सही केली. जुनी गिरणी कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली आणि तिच्या जागी पांढरीशुभ्र, फ्रिजसारखी दिसणारी एक वस्तू आली.

शेखरने बटण दाबलं.

"नमस्कार. सलग परिवारात आपले स्वागत आहे," गिरणी म्हणाली. आवाज बाईचा होता आणि मराठी एवढी शुद्ध, की रांगेतल्या दोघीतिघींनी डोक्यावरून पदर घेतला.

पहिला नंबर रुक्मिणीबाईंचा होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर बाई, वय ऐंशीच्या आसपास, माहेर निघोज्याचं. त्यांनी बाजरी ओतली.

"क्षमस्व. हे धान्य आमच्या परिवारातले नाही."

रुक्मिणीबाईंनी आधी गिरणीकडे आणि मग कस्तुराबाईंकडे पाहिलं. "ही काय म्हन्ती गं?"

"तुमची बाजरी घेत नाही म्हणायली, मावशी."

"का? माझ्या भावाच्या शेतातली हाय."

शेखर पुढे आला. "आजी, सलगचा गहू सलगच्याच पिशवीत येतो. पिशवीच्या कडेला बारीक चिप असते. ती दिसली की गिरणीला कळतं माल कुठला, कधीचा. उद्या कुणीही काहीही टाकायला लागलं तर तुमच्या पिठात काय येईल सांगता येत नाही. हे सगळं तुमच्या सुरक्षेसाठी आहे."

"माझ्या भावापासनं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

शेखर चांगला मुलगा होता. त्याने गिरणीसोबत भेट म्हणून आलेली पाच किलो गव्हाची पिशवी कस्तुराबाईंच्या हातात दिली आणि मोटारसायकलला किक मारली.

त्या रात्री सोळंक्यांच्या घरी यावरून बरीच बोलाचाली झाली, असं नवनाथने मला दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसची वाट बघताना सांगितलं. त्याचं मत शेखरच्या बाजूचं होतं. "काका, आमच्याकडं कुणी बाहेरचा स्क्रू आणून लावला तर चालत्या गाडीत सीट सुटंल. दार बंद ठेवण्यात शहाणपण असतं. मी हिला तेच म्हणलं."

"मग?"

"ती म्हणली, तुम्ही स्क्रू मापता का स्क्रूचं गाव विचारता?" नवनाथने बस येतेय का बघितलं. "मापतोच, म्हणलं मी. मग जेवण वाढलं तिनं."

चार दिवस गिरणी बंदच होती म्हणायची. सलगचा गहू काळेवाडीत कुणी घेत नव्हतं. इथे प्रत्येकाचं धान्य गावाहून येतं. कुणाची परभणीची ज्वारी, कुणाचा नगरचा गहू, कुणाचे कोकणातले तांदूळ. पाचव्या दिवशी रुक्मिणीबाई परत आल्या. घरून आणलेली त्यांची कापडी पिशवी वाटेत फाटली होती, म्हणून कस्तुराबाईंनी त्यांना भेट आलेली, आता रिकामी झालेली सलगची पिशवी दिली. बाजरी तिच्यात भरली, पिशवी गिरणीच्या तोंडाशी नेली, आणि गिरणी म्हणाली, "सलग गहू, पाच किलो. उत्तम निवड." लगेच बाजरी दळायला सुरुवात झाली.

"गहू न्हाई गं, बाजरी हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांना खोटं खपत नाही. पुढे दर वेळी त्या गिरणीची चूक दुरुस्त करत राहिल्या आणि गिरणी दर वेळी त्यांच्या निवडीचं कौतुक करत राहिली.

त्या दिवसापासून ती एक पिशवी अख्ख्या गल्लीची झाली. कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला ती टांगलेली असायची. नंबर आला की पिशवी उतरवायची, आपलं धान्य भरायचं, पाच-पाच किलोच्या खेपा करायच्या आणि पिशवी पुढच्याच्या हातात द्यायची. चिप खराब होईल म्हणून ती धुवायची नाही, नुसती झटकायची. बंद तुटला तेव्हा कस्तुराबाईंनी चपलेच्या दोऱ्यानं शिवला. धान्य मात्र त्या पूर्वीसारखंच तळहातावर घेऊन बघायच्या. आमच्या हिनं एकदा घाईत न निवडलेली ज्वारी पाठवली, तर पिशवी हातात येऊनसुद्धा मला परत पाठवलं.

"वहिनी, यंत्र तर घेईल की," मी म्हणालो.

"यंत्राला काय कळतंय? ते नाव बघतंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "खडा तुमच्या दातात जाणार, काका."

गणपतीनंतर गिरणीला अपडेट आलं आणि तिचा डोळा उघडला. म्हणजे तिच्या तोंडाशी एक कॅमेरा होता, तो चालू झाला. आम्ही म्हटलं, संपलं. पण गिरणीचा चिपवर एवढा विश्वास होता, की डोळ्याला दिसलेलं ती चिपशी जुळवून घ्यायची. ज्वारी आली की म्हणायची, "फिकट गहू." बाजरी आली की, "बारीक गहू." तांदळाला ती "सोललेला गहू" म्हणायची. आम्हीही तेच म्हणायला लागलो. आमच्या घरी त्या महिन्यात सोललेल्या गव्हाची खिचडी होत होती.

मग दिवाळी आली. रुक्मिणीबाईंनी चकलीची भाजणी आणली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे, सगळं भाजून एकत्र. पिशवी गिरणीच्या तोंडात रिकामी झाली. गिरणीने काही क्षण पाहिलं. तिचा हिरवा दिवा आधी पिवळा झाला, मग लाल.

"एकाच वेळी सहा गहू," ती म्हणाली. आणि मग आम्ही कधी न ऐकलेल्या, कडक आवाजात ओरडली, "हल्ला झाला आहे. हल्ला झाला आहे. कृपया जागेवरच थांबा."

रांगेतलं कुणी हललं नाही. हललं असतं तर नंबर गेला असता.

गिरणीने स्वतःला आतून कुलूप लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने बंगलोरहून कंपनीच्या सुरक्षा विभागाचे दोन अधिकारी आले. दोघांच्या पाठीवर काळ्या बॅगा, चेहरे गंभीर. सोबत शेखर होता. त्याचा चेहरा त्यांच्यापेक्षा गंभीर. त्यांनी दुकानाचा कानाकोपरा तपासला, ताडपत्रीखाली बघितलं, वायरी मोजल्या, मी कॉम्प्युटरवर काम केलंय का ते मला विचारलं. खिळ्याला टांगलेल्या पिशवीवर एकाने आपली टोपी अडकवली.

मग हल्लेखोराला बोलावण्यात आलं. रुक्मिणीबाई स्टुलावर बसल्या. अधिकारी हिंदीत विचारायचे, शेखर मराठीत सांगायचा.

"हे सगळं मिसळायची योजना तुमची एकटीची?"

"न्हाई बाबा. सासूनं शिकवलं."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. "सासू आता कुठे आहे?"

"वर गेली."

दोघांनी एकदम वरच्या मजल्याकडे पाहिलं. एक तर जिन्याकडे निघालासुद्धा. शेखरने त्याचा दंड धरून कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा तो परत आला आणि त्याने पॅडवरचं एक वाक्य खोडलं.

"आमच्या यंत्रणेने आजवर असा हल्ला पाहिलेला नाही," दुसरा म्हणाला. "सहा स्रोत, एकाच वेळी, ठरलेल्या प्रमाणात. प्रमाण काय होतं?"

रुक्मिणीबाईंनी प्रमाण सांगितलं. किती भाजायचं, मोहन कधी घालायचं, चकली तुटली तर समजायचं काय चुकलंय, तेही सांगितलं. दोघांनी पान भरून लिहिलं. जाताना रुक्मिणीबाईंनी त्यांना मागच्या घाण्यातल्या चकल्या बांधून दिल्या. शेखरने पुढे सांगितलं की अहवालात हल्ल्याचं कारण 'सण' असं लिहिलं गेलं आणि प्रकरण मिटलं. तिसऱ्या दिवशी गिरणीचं कुलूप उघडलं.

डिसेंबरात शेखर एक जाड कागदाचं पाकीट घेऊन आला. ते त्याने कस्तुराबाईंच्या हातात दिलं आणि स्टुलावर बसून राहिला.

झालं होतं असं. कंपनीवर बाहेरून दबाव येत होता. दुरुस्तीवाले म्हणत होते, आम्हाला तुमच्या वस्तू उघडू द्या. इतर कंपन्या म्हणत होत्या, आमची वस्तू तुमच्याशी जोडू द्या. सरकारनेही विचारणा केली होती. तेव्हा परिवाराचं दार उघडावं की बंदच ठेवावं, यावर कंपनीने बालेवाडीच्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांची सभा ठेवली होती. दार बंदच असावं असं मनापासून वाटणाऱ्या ग्राहकांपैकी एक जण तिथे बोलायला हवा होता. कॉम्प्युटरने महाराष्ट्रातला सगळ्यात निष्ठावंत ग्राहक शोधला. सहा महिन्यांत सलगचा अठरा टन गहू दळणारी, दुसरं एकही धान्य दाराशी न आणणारी बाई. कस्तुरा नवनाथ सोळंके, काळेवाडी.

"ताई, जाऊ नका," शेखर म्हणाला.

"का बरं? एवढं बोलावलंय तर."

"तिथं कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर सांगीन," कस्तुराबाई म्हणाल्या.

नवनाथची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून सोबत मी गेलो. हॉटेलात एवढी थंडी होती की कस्तुराबाईंनी शाल घेतली आणि मी रुमाल कानाला बांधला. स्टेजवर आधी एक चष्मेवाला तरुण बोलला. दार उघडा, म्हणजे नवे लोक नव्या गोष्टी करतील, असं त्याचं म्हणणं. मग एक करड्या सुटातले गृहस्थ उठले. ते म्हणाले, दार उघडलं की पाहुण्याबरोबर चोरही येतो, आणि चोरी झाली तर लोक पाहुण्याला विचारत नाहीत, घरमालकाला विचारतात. मला दोघांचंही पटलं. सभा चालवायला भाग्यश्री मॅडम होत्या, कंपनीच्या मोठ्या अधिकारी, मूळच्या सातारच्या. मागच्या पडद्यावर प्रत्येकाचं बोलणं इंग्रजीत उमटत होतं. ते कामही कंपनीचंच यंत्र करत होतं.

कस्तुराबाईंना बोलावलं. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"माझी गिरणी बी बंदच हाय," त्या म्हणाल्या. "मी मिरची घेत नाही, मक्का घेत नाही. का, तर मागून येणाऱ्याच्या भाकरीला ठसका नाही लागला पाहिजे. म्हणून ते सूटवाले साहेब बोलले ते काही खोटं नाही. दाराला कडी पाहिजे. पण मी ज्वारीला तुझं गाव कोणतं म्हणून विचारत नाही. खडा हाय का बघते. तुम्ही खडा बघतच नाहीत. तुम्ही आडनाव बघायलात. तुमच्या पिशवीत खडे भरून दिले ना, तर तुमची गिरणी म्हणल, उत्तम निवड."

मी पडद्याकडे पाहिलं. कस्तुराबाई बोलायला लागल्यापासून तिथे एकच ओळ होती आणि तीही मराठीतच आली होती. 'क्षमस्व. ही भाषा आमच्या परिवारातली नाही.'

सभागृहाने जोरात टाळ्या वाजवल्या. ज्यांना काही कळलं नव्हतं ते उभे राहिले.

भाग्यश्री मॅडम मात्र टाळी वाजवायची विसरल्या होत्या. त्या जवळ आल्या, शाल-श्रीफळ दिलं आणि माईक बाजूला धरून विचारलं, "कस्तुराताई, अठरा टन गहू कसा दळलात?"

"गहू कुठला अठरा टन? निम्मी ज्वारीच होती," म्हणत कस्तुराबाईंनी पर्समधून घडी केलेली पिशवी काढली. "या एका पिशवीत."

मॅडमनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. चपलेच्या दोऱ्याची शिवण, कडेची चिप, तळाला चिकटलेलं थोडं बाजरीचं पीठ. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, म्हणून परत टाळ्या झाल्या. मॅडमचे खांदे हलायला लागले. त्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"ही मी ठेवू का?"

"ठेवा. फक्त सकाळी सातला लागंल."

पिशवी परत आली नाही. सातला शेखर आला. त्याने स्वतःच्या घरचा सलग गहू डब्यात ओतून आपली रिकामी पिशवी आणली होती, आणि कुणाला सांगू नका म्हणून रांगेतल्या चौदा जणांना विनवलं. त्याच्याकडूनच पुढची हकिकत कळली. सभेच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, दार उघडायचं की नाही यावर आपण इथे बसलोय, आणि काळेवाडीत ते जूनमध्येच उघडलंय. आपल्यालाच आतून दिसत नव्हतं.

मार्चमध्ये दार उघडलं. 'खुला परिवार' नावाचं अपडेट आलं. आता कुठलंही धान्य, कुठल्याही पिशवीतून चालणार होतं. आम्ही पेढे आणले. रुक्मिणीबाईंनी मानाने बाजरी ओतली.

"आपण परिवाराबाहेरील धान्य निवडले आहे," गिरणी म्हणाली. "पुढे जाण्यापूर्वी कृपया खालील अटी ऐका."

अटी अकरा मिनिटांच्या होत्या. शेवटी "मला मान्य आहे" असं म्हणायचं. प्रत्येक धान्याला वेगळ्या अटी, प्रत्येक खेपेला नव्याने. शेखरची पिशवीही आता उपयोगाची नव्हती, गिरणी चिप सोडून धान्यच बघायला लागली होती. सूटवाल्या साहेबांनी दार तर उघडू दिलं होतं, पण उंबरठा कमरेएवढा करून ठेवला होता. रुक्मिणीबाईंनी थालीपीठाची भाजणी आणली त्या दिवशी त्यांना तासाभरावर अटी ऐकाव्या लागल्या. तिसऱ्या धान्याला त्यांना झोप लागली. मान्यता आम्ही सगळ्यांनी मिळून दिली. गल्लीतली पोरं खेळताना अटी पाठ म्हणायला लागली. आमची ही एकदा दुपारी झोपेत "मला मान्य आहे" म्हणाली. मी विचारलं काय मान्य आहे, तर कूस बदलली.

दहा दिवस कस्तुराबाईंनी सहन केलं. अकराव्या दिवशी वायंडिंग होऊन पडलेली मोटर त्या रिक्षात घालून घेऊन आल्या, नवनाथच्या मदतीने जुन्या गिरणीला बसवली, दगडाला टाकी लावली. नवनाथने कंपनीतून निकामी ठरलेलं एक गेज आणून भिंतीला लावलं होतं. ते कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नाही. मग कस्तुराबाईंनी सलगला कळवलं की तुमचं यंत्र घेऊन जा.

शेखर टेम्पो घेऊन आला. त्याने यंत्राचा नंबर फोनवर टाकला. फोन म्हणाला, "क्षमस्व. हे यंत्र परिवाराबाहेरील धान्याच्या संपर्कात आले आहे. ते परत घेता येत नाही." त्याने बंगलोरला विचारलं. बंगलोरने सांगितलं, ज्या दिवशी बाहेरची पहिली बाजरी पडली, त्या दिवशीच ते यंत्र आमच्या नोंदीतून गेलं. जे आमचं नाही ते आम्ही कसं नेणार? पण महिन्याला एकदा जाऊन ते सापडतंय का, बघत जा.

टेम्पो रिकामा गेला. यंत्र दुकानाबाहेर भिंतीला लावून आडवं ठेवलं आहे. त्यावर कस्तुराबाईंनी जुनी गोधडी टाकली, त्यामुळे दळणाला आलेल्या बायकांची बसायची सोय झाली.

शेखर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतो. गोधडीवर रुक्मिणीबाईंशेजारी जागा करून बसतो, कस्तुराबाईंनी दिलेला चहा घेतो, पिशवीतून फॉर्म काढून मांडीवर ठेवतो आणि यंत्राच्या नंबरापुढे लिहितो, 'जागेवर आढळले नाही.' मग साक्षीदार म्हणून सहीसाठी फॉर्म माझ्याकडे सरकवतो. मी डबा खाली ठेवतो आणि सही करतो.